विल्टशरमधील एका खेड्याचे जुने फोटो: कामाच्या नोंदी, जानेवारी ते जून २०२४

६ जानेवारी

गावच्या हॉलमधले कपाट आवरताना सापडलेले तीन अल्बम आणि बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे समितीने आज माझ्या स्वाधीन केले. गाव इंग्लंडच्या विल्टशर काउंटीत, प्यूझीच्या खोऱ्यात, खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे आणि मी येथे बारा वर्षे राहतो. मोजणी केली तेव्हा ३८८ छापील फोटो आणि १७६ निगेटिव्ह भरल्या. बहुतेक सगळे १९४५ ते १९६५ या काळातले असावेत. ते स्कॅन करावेत, त्या काळी येथे राहिलेल्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून प्रत्येक फोटोला मजकूर द्यावा, जूनमध्ये हॉलमध्ये प्रदर्शन भरवावे आणि नंतर एक संच चिपनम येथील विल्टशर अँड स्विंडन हिस्ट्री सेंटरला द्यावा, असे ठरले आहे. घरातल्या जुन्या अल्बमांवर असेच काम करू पाहणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून मी या नोंदी मराठीत ठेवत आहे. माणसांची नावे मी देणार नाही. वहीत आम्ही त्यांना जी टोपणनावे दिली आहेत, तीच येथे वापरतो.

पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी झाली. उत्साहाच्या भरात मी पहिल्या अल्बममधले सगळे फोटो कोपऱ्यांतून सोडवले आणि आकारानुसार त्यांच्या गड्ड्या लावल्या. कोणता फोटो कोणत्या पानावर, कोणाच्या शेजारी होता, ही माहिती त्याबरोबर गेली, आणि फोटो कोणत्या वर्षाचा हे ठरवताना शेजार हाच बहुधा सर्वांत मोठा आधार असतो. काळ्या कागदावर फोटोखालचा भाग कमी विटलेला होता. त्या गडद चौकोनांवर एकेक फोटो ठेवून पाहत क्रम परत लावायला चार संध्याकाळी गेल्या आणि तरीही अकरा फोटो बेघर राहिले. फोटो काढण्याआधी पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा, याला दहा सेकंद लागतात.

१४ जानेवारी

तिसरा अल्बम सत्तरच्या दशकातला, चिकट पानांचा आणि वर पारदर्शक प्लास्टिक असलेला निघाला. जुने फोटो कोणीतरी मोठ्या काळजीने त्यात हलवले होते, आणि त्या काळजीनेच त्यांची वाट लागली आहे. डिंक पिवळा पडून दगडासारखा झाला आहे. सुरीने एक फोटो सोडवायला गेलो तो कोपऱ्याशी फाटला. मग दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून करवतीसारखा पुढेमागे सरकवत नेला. एका फोटोला पाच ते दहा मिनिटे लागतात, पण त्यानंतर एकही फाटला नाही. चार फोटो मुळीच सुटले नाहीत, तेव्हा ते पानासकट स्कॅन केले.

मागच्या बाजूला क्रमांक घालायला पहिल्या सहा फोटोंवर मी बॉलपेन वापरले, आणि दाबाची खूण पुढच्या बाजूला आली. आता मऊ २बी पेन्सिल, तीही अगदी कडेला.

२१ जानेवारी

पहिले ९४ फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केले होते, ते सगळे पुन्हा करावे लागणार आहेत. हे फोटो लहान आहेत, काही तर काड्यापेटीहून थोडेच मोठे, म्हणून त्यांत फारसे काही नसेल असे मी गृहीत धरले. वस्तुस्थिती उलटी आहे. पेटीसारख्या ब्राउनी कॅमेऱ्यात १२० क्रमांकाचा रोल घालून ६ बाय ९ सेंटिमीटरच्या आठ निगेटिव्ह निघत, आणि पैसे वाचवण्यासाठी लोक निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच आकाराची प्रत काढून घेत. चित्र मोठे केलेलेच नसल्यामुळे बारीक तपशील शाबूत राहतो. आता छापील फोटो १२०० आणि निगेटिव्ह २४०० डीपीआयला करतो. अकरा तास वाया गेले.

३ फेब्रुवारी

निगेटिव्ह स्कॅन करू शकणारा जुना स्कॅनर १४० पौंडांना घेतला. दुसरा डबा उघडताच व्हिनेगरचा भपका आला. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की हा वास येतो आणि तो एकीकडून दुसरीकडे पसरतो, म्हणून त्या २२ निगेटिव्ह वेगळ्या लिफाफ्यांत घालून गॅरेजमध्ये हलवल्या. त्या इतक्या वळल्या आहेत की काचेवर सपाट बसत नाहीत. जोराने दाबू नये, तडा जातो. तीन निगेटिव्हच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द नव्हता. जुनी नायट्रेटची फिल्म भयंकर पेट घेते, त्यामुळे त्या स्कॅन न करता बाहेर शेडमध्ये ठेवल्या आणि हिस्ट्री सेंटरला कळवले.

११ फेब्रुवारी

आठवणींची पहिली बैठक झाली आणि ती सपशेल फसली. सहा वृद्ध मंडळी होती, मोठ्या पडद्यावर फोटो होते, आणि मी एकेक फोटो दाखवून विचारत होतो, “हे कोण?” उत्तरादाखल एक तर नाव यायचे किंवा शांतता. तासाभरात सतरा नावे मिळाली आणि आठवण एकही नाही. शाळेत तोंडी परीक्षा घ्यावी तसा प्रकार झाला. ज्यांना नाव सांगता आले नाही, ते ओशाळून गप्प बसले.

तांत्रिक बाजूही धड नव्हती. रेकॉर्डर चहाच्याच टेबलावर ठेवल्यामुळे प्रत्येक कपबशीचा आवाज तोफेसारखा आला आहे, आणि भिंतीवरचे घड्याळ प्रत्येक वाक्यात टिकटिकते आहे. यापुढे एका वेळी एकच माणूस, त्याच्याच घरी, हातात कागदावरची मोठी प्रत, रेकॉर्डर खुर्चीच्या हातावर दुमडलेल्या टॉवेलवर आणि घड्याळ शेजारच्या खोलीत.

२५ फेब्रुवारी

ही नोंद लिहायला लाज वाटते, पण सर्वांत उपयोगी कदाचित हीच असेल.

४७ क्रमांकाच्या निगेटिव्हमध्ये चार घरांची चाळवजा रांग आहे, गवताने शाकारलेली, आणि बाकी आकाशच आकाश. आकाशात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक बारीक तिरपी रेघ होती. ओरखडा समजून मी ती संगणकावर पुसली. अर्धा तास खपून काम इतके सफाईदार केले की स्वतःवरच खूश झालो. आज ती प्रत दुकानवाल्या आजींच्या हातात दिली. त्यांच्या वडिलांचे गावात दुकान होते, त्या जन्मल्या १९४२ साली. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा करून पाहिला आणि विचारले, “तार कुठे आहे?”

तो फोटो घरांचा नव्हताच. तो विजेच्या तारेचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ वर्षे अनेक खेड्यांत वीज पोहोचलेली नव्हती. १ एप्रिल १९४८ रोजी वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतर केव्हातरी या रांगेला जोड मिळाली. त्या दिवशी आजींच्या वडिलांनी ब्राउनी उचलला, आणि रस्त्यात उलटे चालत चालत मागे गेले की तार पूर्ण यावी. म्हणून एवढे आकाश. घरात तीन दिवे आणि एक प्लग. पहिला दिवा लागला तेव्हा आईने वर पाहिले, आणि इतकी वर्षे रॉकेलच्या दिव्याने छताला धरलेली काजळी पहिल्यांदाच दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई शिडीवर चढून छताला चुना देत होती आणि वीज आणल्याबद्दल नवऱ्याला बोल लावत होती. आजी हे सांगताना इतक्या हसल्या की मला रेकॉर्डर थांबवावा लागला.

मूळ स्कॅन मी जपून ठेवले होते हे नशीब. यापुढे मूळ टिफ फाइलला हात लावायचा नाही, धूळसुद्धा झाडायची नाही. आणि कोणाला दाखवायची प्रत न पुसलेलीच असेल, डाग असले तरी.

रांगेच्या मागे, परसात, चार लाकडी खोपटी दिसतात. त्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हते. मी होऊन विचारले तेव्हा कळले की ते संडास. आत बादली असे आणि ती शुक्रवारी रात्री बागेत खड्डा खणून रिकामी करत. गावातली सर्वांत चांगली र्‍हुबार्ब (आंबट देठांची भाजी) कोणाकडे आणि का, यावर आजी दहा मिनिटे बोलल्या.

१० मार्च

यंत्राने लिहून काढलेला मजकूर निरुपयोगी ठरला. इकडची जुनी माणसे शाळेतल्या कापडी बुटांना ‘डॅप्स’ म्हणतात आणि मोठ्या गोष्टीला ‘गर्ट’. यंत्राने डॅप्सचे एका ठिकाणी ॲप्स केले आणि दुसऱ्या ठिकाणी टॅक्स. आता स्वतःच ऐकून लिहितो. एका तासाच्या बोलण्याला मला सहा तास लागतात, कारण मलाही प्रत्येक शब्द पहिल्यांदा कळतोच असे नाही.

निगेटिव्हमध्ये २४ मेच्या एम्पायर डेचा (साम्राज्यदिनाचा), शाळेच्या पटांगणातला एक फोटो आहे. एका मुलीने पुठ्ठ्याचे शिरस्त्राण घालून ब्रिटानियाचे, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या देवीचे, सोंग घेतले आहे, आणि तिच्या शेजारची मुलगी ‘इंडिया’ झाली आहे. तिने साडी नेसली आहे. समितीतल्या एका बाईंनी हा फोटो मला दाखवावा की नाही यावर आठवडाभर विचार केला होता असे नंतर कळले. मला मात्र वेगळेच खटकत होते. साडी खरी होती, काठ ठसठशीत होते, निऱ्याही व्यवस्थित होत्या, पण पदर उजव्या खांद्यावर होता. इतक्या नीट साडी नेसवणारीने पदर कसा चुकवला असेल? मग पाठीमागच्या मुलांच्या कोटांकडे लक्ष गेले. सगळ्या मुलग्यांच्या कोटांची बटणे मुलींसारखी उलट्या बाजूला होती. फिल्म मी पालथी ठेवली होती! कडेचे अक्षर तपासले, तेही आरशात पाहावे तसे उलटे. ती एकच नव्हे, तर त्या दिवशी केलेल्या ३२ निगेटिव्ह उलट्या होत्या. चार तास गेले, पण वेळेत कळले. कडेची अक्षरे सुलट वाचता येतात ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. पदर दर वेळी मदतीला येणार नाही.

साडी कोणाची, तेही कळले. सॅलिसबरी प्लेन या जवळच्या माळरानावर लष्कराची छावणी असल्यामुळे हिंदुस्थानात राहून आलेली कुटुंबे आसपास होती, आणि त्यांतल्या एका बाईंनी पुण्याहून आणलेली साडी शाळेला दिली होती व नेसवलीही त्यांनीच. पहिल्या रांगेत पुढचे दोन दात पडलेला जो मुलगा उभा आहे, ते आमचे ट्रॅक्टरवाले आजोबा, जन्म १९३८. दातांवरून फोटो १९४५ किंवा १९४६ चा ठरवला आहे. तो प्रदर्शनात लागणार.

२४ मार्च

कापणीचा एक फोटो: ट्रॅक्टरमागे बाइंडर (पीक कापून पेंढ्या बांधणारे यंत्र), पेंढ्यांच्या उभ्या केलेल्या राशी, आणि पुढे दोन माणसे एका काठीला बांधलेले वीसेक ससे घेऊन उभी. ट्रॅक्टर फर्ग्युसन टीई२० आहे. तो १९४६ पासून कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागला, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. आणि १९५३ साली केंटमध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग आला आणि दोन वर्षांत त्याने देशातले जवळजवळ सगळे ससे मारले, तेव्हा फोटो त्यानंतरचाही नसावा. शेत बाहेरून आत गोल गोल कापत आणले की उरलेल्या मधल्या पट्ट्यात ससे कोंडले जात आणि शेवटी चहूकडे पळत सुटत. मुले काठ्या घेऊन उभीच असत. मांस रेशनवर होते, ते ४ जुलै १९५४ पर्यंत, त्यामुळे हा खेळ नव्हता, जेवण होते. रोग आल्यावर डोळे सुजलेले, आंधळे ससे रस्त्यावर बसून राहत. आजोबांनी त्यानंतर ससा कधी खाल्ला नाही.

समितीतल्या एका तरुणाने हाच फोटो एका प्रोग्रॅममधून रंगीत करून आणला. फार सुंदर दिसत होता. आजोबांनी पाहिला आणि शांतपणे म्हणाले की हा त्यांचा ट्रॅक्टर नाही. प्रोग्रॅमने तो लाल रंगवला होता. फर्ग्युसन करडाच असे, त्याला लोक ‘लिटल ग्रे फर्गी’ म्हणत. रंगीत करण्याचा विषय तेथेच संपला.

१४ एप्रिल

पताकांच्या फोटोवरून गावात भांडण लागायचे बाकी आहे. रस्त्यावर पताका, लांब टेबले, मुले, आणि उजवीकडे फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये दहाअकरा वर्षांची एक मुलगी. चार दावे होते: १९३५ ची राजाची ज्युबिली, १९३७ चा राज्याभिषेक, ८ मे १९४५ चा विजयदिन आणि २ जून १९५३ चा राणीचा राज्याभिषेक. दुकानवाल्या आजी विजयदिनावर ठाम होत्या, कारण ती मुलगी म्हणजे त्यांची थोरली बहीण, आणि तो फ्रॉक तिने विजयदिनाला घातला होता.

टेकडीवर प्यूझीचा पांढरा घोडा पुसटसा दिसतो. तो गवत खरवडून खडू उघडा करत कोरला गेला १९३७ साली, त्यामुळे १९३५ बाद. मग टपालपेटीवरच्या राजमुद्रेत माझा सबंध दिवस गेला. अक्षरे ‘जीआर’ (राजा जॉर्ज) निघाली, आणि नंतर लक्षात आले की याने काहीच सिद्ध होत नाही, कारण राजा बदलला म्हणून भिंतीतली पेटी कोणी उपटत नाही. ती आजही तेथेच आहे. ‘ईआर’ (राणी एलिझाबेथ) निघाली असती तर उपयोग होता. शेवटी उत्तर मिळाले ते एका धुराड्यावर. तेथे एच आकाराचा टीव्हीचा अँटेना आहे, आणि या बाजूला चित्र येऊ लागले ते ऑगस्ट १९५२ मध्ये कार्डिफजवळचे वेनव्हो केंद्र सुरू झाल्यावर. शिवाय टेबलाशी उभ्या असलेल्या बायका रेनकोटात आहेत. राज्याभिषेकाचा दिवस थंड आणि पावसाळी होता, हे इकडे सर्वांना पाठ आहे.

मी हे आजींना सांगितले आणि त्या चिडल्या. त्यांचे म्हणणे, अँटेना काहीही म्हणो, फ्रॉक खोटे बोलणार नाही. मी लॅपटॉपवर फ्रॉकचा भाग मोठा करत गेलो. खालच्या कडेच्या चार बोटे वर, घेराला समांतर, एक स्पष्ट रेघ होती, आणि त्या रेघेखालची फुले वरच्या फुलांपेक्षा गडद होती. आजींनी बोट पडद्यावर ठेवले ते तसेच ठेवले. मग म्हणाल्या, “दुमड सोडलेली आहे.”

कपडे १ जून १९४१ ते १५ मार्च १९४९ पर्यंत कूपनांवर होते. बहिणीचा फ्रॉक आईने जपून ठेवला, आणि धाकटी त्या वयाची पण उंचीने जास्त झाली तेव्हा दुमड उसवून लांब केला. आत दुमडलेल्या कापडाला ऊन लागले नव्हते, म्हणून ते गडद. फोटोतली मुलगी आजी स्वतः होत्या. १९४५ साली त्या तीन वर्षांच्या होत्या आणि तेव्हा हा फ्रॉक त्यांनी खालून वर पाहिला होता. त्यांना फ्रॉक बरोबर आठवत होता, मुलगी मात्र त्यांनी बहिणीला देऊन टाकली होती. नंतर पुढे ओघाने खूप निघाले: नव्या कपड्यासाठी त्या रडल्या होत्या, फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्याचॉकलेटे रेशनमधून सुटली तेव्हा वडिलांच्या दुकानातल्या बरण्या दोन दिवसांत रिकाम्या झाल्या, आणि राज्याभिषेक त्यांनी शेतमालकाच्या दिवाणखान्यात, पडदे ओढून, तीसेक माणसांत जमिनीवर बसून पाहिला. ज्या धुराड्यावर अँटेना आहे, त्याच घरात.

५ मे

चिकट अल्बममधून पानासकट स्कॅन केलेल्या चारपैकी एका फोटोखाली, पानावरच, पेन्सिलीने ‘इंबर’ लिहिलेले आढळले. सॅलिसबरी प्लेनच्या मध्यावरच्या या गावातल्या लोकांना १ नोव्हेंबर १९४३ रोजी शाळेत बोलावून ४७ दिवसांत गाव सोडायला सांगण्यात आले, कारण अमेरिकन सैन्याला सरावासाठी जागा हवी होती. युद्ध संपल्यावर परत येता येईल अशी त्यांची समजूत होती. आजही तेथे लष्कराचाच सराव चालतो, आणि सेंट जाइल्सचे चर्च वर्षातले थोडेच दिवस लोकांसाठी उघडते. ट्रॅक्टरवाल्या आजोबांची मामी तिथली. ती त्यांच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर कोबीची रोपे होती, मातीसकट, कारण ती आधीच लावून झाली होती. यापलीकडे आजोबांना आठवत नाही आणि मी खोदून विचारले नाही.

१ जून

परवानग्यांकडे मी फार उशिरा वळलो. व्यावसायिक छायाचित्रकाराचा शिक्का असलेले नऊ फोटो बाजूला ठेवावे लागले, कारण येथे स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो आणि वारस शोधायला आता वेळ नाही. हयात माणसांची लेखी संमती मात्र बैठकीच्या दिवशीच घेत गेलो होतो.

मजकुरात वर्षाचा पुरावा कोणता आणि आठवण कोणाची, हे वेगवेगळ्या ओळींत लिहिले आहे. पताकांच्या फोटोखाली आजींच्या सांगण्यावरून दोन्ही वर्षे आहेत: फोटो १९५३, फ्रॉक १९४५. अक्षरे १८ पॉइंटची छापली होती. आजोबांना वाचता आली नाहीत, म्हणून २८ ची करून सगळे पुन्हा छापले. ३६ पौंड जादा.

२३ जून

दोन दिवसांचे प्रदर्शन काल आणि आज झाले. ६४ फोटो लावले. १९६६ साली बंद पडलेल्या डिव्हायझेसच्या रेल्वेचा, रविवारच्या शाळेच्या सहलीचा फोटो मी कोपऱ्यात लावला होता आणि सगळ्यात जास्त गर्दी तेथेच झाली. त्या डब्याच्या खिडकीतली चौदा तोंडे लोकांनी दोन तासांत ओळखली. मी फोटोशेजारी कोरा कागद आणि पेन्सिल टांगायला हवी होती. पहिल्या दिवशी लोक सांगत होते आणि मी चहा देत होतो. त्यातले निम्मे तरी गेले.

एकूण खर्च ३९७ पौंड: स्कॅनर १४०, आम्लविरहित पेट्या आणि लिफाफे ८८, छपाई १३३, फेरछपाई ३६. वेळ सुमारे २६० तास, त्यातले पन्नास माझ्या चुकांचे. वळलेल्या २२ निगेटिव्ह अजून लिफाफ्यांतच आहेत, ३१ फोटो कुठले आहेत ते कळलेले नाही, आणि अकरा बेघर फोटोंपैकी दोघांना आज पान मिळाले.